माणिकबाईचा दुसरा गिअर

माणिकबाईनं अकोल्यात एका जीपच्या गिअर बॉक्समधलं तेल चाखून पाहिलं, अशी गोष्ट आमच्या तिवसा तालुक्यात सांगतात. मी त्या वेळी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. तिनं तेल चाखलं नाही. हुंगलं, दोन बोटांत चोळलं आणि मग ती बोटं जीप विकणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला पुसली. लोकांना एवढं पुरत नाही, म्हणून ते चाखण्याची भर घालतात.

मी कुलदीप. तिवस्याच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. माणिकबाई माझी काकू लागते, गावाच्या नात्यानं. बोरखडीत तिचं शेत आहे. वांगी, पालक, झेंडू आणि सांबार पिकवते. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याचे पाहुणे आले की हे सांगावं लागतं, नाहीतर ते इडली शोधतात. वय चौपन्न. अंगानं काटक, आवाजानं धिप्पाड. गावात तिला कोणी "कशी हायस?" असं विचारत नाही, कारण ती खरंच सांगते.

नवरा देवीदासकाका अगदी उलटा. भजनी मंडळात पेटी वाजवतो, कोणाला दुखवत नाही, मुंगीला वळसा घालून जातो. त्यांच्या घरात दोन माणसं आणि चौदा देव राहतात. त्यांतल्या तेरा देवांवर माणिकबाईचा राग आहे. चौदावा कोणता, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

तिचं शेत नाल्यापलीकडे. तिथं जायला दीड किलोमीटरची पांदण, दोन्ही बाजूंना बाभळी आणि मध्ये नुसती काळी माती. ही माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात गिळते. चप्पल गिळते, बैल गिळते, एकदा ग्रामसेवकाची मोटरसायकल गिळली होती, ती दसऱ्याला निघाली.

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी माणिकबाईचा झेंडू या पांदणीत अडकला. भाड्याचा ट्रॅक्टर सकाळी सातला फसला. त्याला ओढायला आलेला दुसरा ट्रॅक्टर नऊला फसला. तिसऱ्याचा मालक शहाणा होता, तो लांबूनच पाहून परत फिरला. मग माणिकबाईनं फुलांची पोती डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून रस्त्यापर्यंत आणली. अमरावतीच्या फुलबाजारात पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घरोघरच्या मखरांना माळा लागून गेल्या होत्या. उरलेला झेंडू तिनं परत आणून गावातल्या देवळाच्या पायरीवर ओतला.

"देवाले पोचलं तं खरं," देवीदासकाका म्हणाला.

"पाह्यजे होतं तं त्यानं धक्का माराले याचं होतं," माणिकबाई म्हणाली. "आयत्यावर बसते नुसता."

त्याच आठवड्यात ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "बाबू, चारी चाकं ओढते अशी जीप घ्याची हाय मले. जुनी. लायसनचा फॉर्म भर."

मी विचारलं, "काकू, तुले जीप चालवता येते?"

"लगन झालं तवा सैपाक तरी कुठी येत होता?"

तसं पाहिलं तर ती दहा-बारा वर्षं ट्रॅक्टर चालवत होतीच. लायसनच्या परीक्षेत साहेबानं तिला गाडी मागं घ्यायला सांगितली तर ती म्हणाली, "मंग तुमी खाली उतरा, मले दिसून नाई राहिलं." साहेब उतरला. ती पहिल्याच फटक्यात पास झाली. साहेब परत गाडीत बसलाच नाही, हे त्याचं कारण असावं.

मुलगा योगेश पुण्यात नोकरीला आहे. त्यानं आईला मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. प्रत्येक व्हिडिओत एक दाढीवाला पोरगा जीप दगडावर चढवायचा आणि वर गेल्यावर ओरडायचा. योगेश म्हणाला, "आई, लाल रंगाची बघ. परत विकताना चांगली जाते."

"मले विकाची नाई, चालवाची हाय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. पण लाल रंग तिच्या डोक्यात बसला तो बसलाच.

अकोल्याला बायपासवर ललित नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे असं कळलं. आम्ही दोघं एसटीनं गेलो. मला तिनं कागदपत्रं वाचायला सोबत घेतलं होतं. ललित पस्तिशीचा, पांढरा कडक शर्ट, अंगाला अत्तर, हातात दोन फोन. बोलणं असं गोड की ऐकताना दात दुखावेत. अंगणात ओळीनं जीपा उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढं लाल. नवा रंग, जाडजूड टायर, टपावर दिव्यांची रांग. खाली वाकून पाहिलं तर गाडीचं पोटही धुऊन-पुसून चकचकीत.

"मावशी, डॉक्टरसाहेबाची गाडी आहे," ललित म्हणाला. "फक्त रविवारी देवदर्शनाला काढत होते."

"टपावर इतके दिवे? देवळात लाइट नव्हती का?" माणिकबाई म्हणाली.

ललित हसला आणि आम्हाला बसवून चक्कर मारायला घेऊन गेला. गाडी खरंच लोण्यासारखी चालत होती. मी मागं बसून कागद वाचत होतो, ते बरोबर होते. पुलाच्या उतारावर ललितनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि गप्पा मारत खाली आणली. माणिकबाई रस्त्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होती.

"बाबू, तुया हात त्या दांड्यावरून निघून काहून नाई राहिला?"

"सवय आहे, मावशी."

"चवथ्यात तं निघाला होता."

तेवढ्यात ललितचा फोन वाजला आणि दुसराही वाजला. "चार दिवसांनी येतो," म्हणून आम्ही निघालो. एसटीत बसल्यावर ती मला म्हणाली, "कुलदीप, तराजूवर अंगठा ठेवणारे मी वीस वर्षांपासून पाहून राहिले. त्यायचा हात असाच रायते. हळू, जसा काई ठेवलाच नाई."

बाजूच्या सीटवरचा एक म्हातारा आमचं बोलणं ऐकत होता. तो म्हणाला, "गिअर बॉक्सचा घोळ असन तं मूर्तिजापुरात उतरा. बुधाजीले इचारा. पण थो शिव्या देते."

"देऊ द्या," माणिकबाई म्हणाली. "मले बी येतात."

मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळांच्या बाजूला बुधाजीचं टिनाचं शेड आहे. सत्तरीकडे झुकलेला, उघडाबंब, कमरेला काळी पडलेली लुंगी. जन्मभर त्यानं गिअर बॉक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, गिअरच्या पेटीला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं आणि आतलं ऐकायचं, ही त्याची पद्धत. चाळीस वर्षं ऐकून ऐकून उजवा कान गेला, म्हणून आता डावा लावतो. स्वतः बहिरा असल्यामुळं समोरच्यालाही बहिरा समजून ओरडतो. शेडमध्ये एकही देवाचा फोटो नाही, फक्त बेअरिंगचं कॅलेंडर.

माणिकबाईनं सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर म्हटल्याबरोबर बुधाजी हसायला लागला.

"अकोल्यात जितक्या जीपा डॉक्टरच्या हायेत, तितके डॉक्टर अख्ख्या महाराष्ट्रात नाई! अन् दांडा धरला होता का? मंग दुसरा सुटत असन. हात काढला की खट्ट बाहेर."

"सुटते म्हंजे काहून सुटते?"

बुधाजीनं तिच्याकडे नीट पाहिलं. हे त्याला कोणी विचारत नसावं. त्यानं एका परातीत उघडून ठेवलेली पेटी पुढं ओढली आणि म्हणाला, "हात घाल."

माणिकबाईनं बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घातला. बुधाजी तिच्याकडून एकेक चक्र चाचपून घेत गेला. चांगल्या चक्राचे दात चौकोनी, काठ बोटाला लागणारे. खराब झालेल्याचे गोल, गुळगुळीत.

"हे मह्या सासऱ्याच्या दातावाणी लागून राहिले," माणिकबाई म्हणाली.

"तसंच! सासरा सुपारी धरू शकत होता का? नाई न? मंग हे गिअर कसा धरन? गाडी ओढत असते तवर दाबात रायते. उतारावर पाय काढला की पकड सुटली. शहरातले लोकं दुसऱ्यातच जास्त मारतात, म्हणून दुसरा पहिले मरते. लोकं इंजिनचा आवाज ऐकतात, भोंगा वाजवून पायतात. अन् गिअर बॉक्स बिचारा खाली मुकाट्यानं मरून रायते."

"पण आवाज बिलकुल नव्हता."

"आवाज दाबाचे भल्ले इलाज हायेत. जाड तेल टाकतात. लाकडाचा भुसा टाकतात. एकानं तं केळ टाकलं होतं."

"काय टाकलं होतं?"

"केळ व बाई, खाचं! इथी माह्याकडं आणली, मी उघडली, तं आत शिकरण."

माणिकबाई त्या दिवशी दोन तास तिथं बसली. मी तीनदा चहा आणला. बुधाजी सांगत होता आणि ती मध्येमध्ये उलटून विचारत होती. गाडी थंड असताना जा, गरम गाडी खोटं बोलते. खालचा नट खोल, तेल बोटावर घे. नटाला चुंबक असेल तर त्यावर लोखंडाची बारीक लव चालते, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा चालत नाही. गाडी तू चालव, त्याला चालवू देऊ नको. आणि चार चाकांचा जो छोटा दांडा असतो, तो टाकून पाहिल्याशिवाय पैसे काढू नको, कारण विकत घेणारे दहातले नऊ जण तो विसरतात.

"थो अडकला तं?"

"वर्सोन् वर्स वापरला नसन तं अडकते. मारामारी नाई करायची. गाडी हातभर मागं घ्याची, मंग टाकाचा. बायकोले मनवतात तसं."

"तुमी मनवलं होतं का कधी?"

"नाई," बुधाजी म्हणाला. "म्हणून माहेरी हाय थे."

माणिकबाईनं त्यालाच सोबत चलायला सांगितलं, पण तो ऐकेना. "ललितकडं मी जात नाई. मागच्या टायमाले मी त्याच्या जीपले मढं म्हणलं तं थो रडला. माणूस रडला की माह्या हात चालत नाई." त्यानं तिला सतराचा पाना दिला आणि बोट दाखवून म्हणाला, "पाना वापस पाह्यजे. जीप काई बी घे."

चार दिवसांनी आम्ही पहिल्या एसटीनं निघालो. नऊच्या आत ललितच्या दारात. तो नुकताच आला होता, शर्टाची इस्त्री अजून जिवंत होती. माणिकबाईनं नमस्कार-चमत्कार न करता लाल जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"सकाळीच गरम?"

"पूजेसाठी फिरवून आणली, मावशी. रोजची पद्धत आहे."

"बाकीच्या दहा जीपा नास्तिक हायेत का?"

तिनं पदर खोचला, पिशवीतून पाना काढला आणि त्याच्यामागून एक ताम्हण काढलं. ते ताम्हण मी ओळखलं. देवीदासकाका रोज त्यात बाळकृष्णाला आंघोळ घालतो. मी काही बोलणार तोच माणिकबाई उताणी होऊन जीपखाली शिरली. बाहेर फक्त तिचे पाय आणि रबरी चप्पल.

"अहो मावशी! मेकॅनिकशिवाय हात लावायचा नाही!" ललित ओरडला.

"लावून झाला," खालून आवाज आला.

तिनं नट जेमतेम सैल करून थोडं तेल ताम्हणात घेतलं, नट परत आवळला आणि बाहेर आली. केसांना माती, कपाळावर काळा ठिपका. गरम असूनही तेल वाहत नव्हतं, सरकत होतं, शिऱ्यासारखं. तिनं हुंगलं, चोळलं. बोटांवर पिवळसर तंतू राहिले. लाकडाचा भुसा. ललित वाकून पाहायला आला होता, ती बोटं तिनं त्याच्याच शर्टाला पुसली.

"पहिले ही एका सुताराच्या दुकानाजवळ उभी होती, मावशी," ललित म्हणाला.

"गिअर बॉक्समधी सुतार बसला होता का?"

मला वाटलं आता भांडण पेटणार. तिथं दुसरी दोन गिऱ्हाइकं आली होती, तीही सरकून जवळ आली. पण माणिकबाई आवाज न चढवता बोलली, आणि तेच ललितला जास्त लागलं असावं. "पाय बाबू, मी बी पालकावर पाणी मारते. टवटवीत दिसला पाह्यजे, दुकानदारीच हाय थे. पण माह्या पालक घरी गेल्यावर पालकच असते."

ती अंगणाच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथं लिंबाच्या झाडाखाली एक हिरवी जीप पडली होती. डावा दरवाजा नव्हता, सीट फाटलेली, टपाचं कापड उंदरांनी खाल्लेलं, सगळ्या अंगावर पाखरांची विष्ठा.

"ही कोणाची?"

"ती सोडा. धारणीकडच्या एका नर्सरीवाल्याची होती. भंगारात जाणार आहे."

"यिले धुतली नाई?"

"धुवून काय करू?"

माणिकबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ज्याच्यावर यानं हात नाई फिरवला, थेच पाहू."

हिरवीचं बॉनेट थंडगार होतं. माणिकबाई परत खाली शिरली. या वेळी ताम्हणात आलं ते काळं, पातळ, म्हातारं तेल. भुसा नाही, चमक नाही. नटाच्या टोकाला लोखंडाची लव होती, तिनं ती नखानं खरवडून उन्हात धरली. दाणा एकही नव्हता. ती बराच वेळ पाहत राहिली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "भेव वाटून राहिलं. बरोबर निघालं तं घ्या लागन न."

बॅटरी दुसऱ्या गाडीची लावून हिरवी सुरू केली. तिनं इतका धूर सोडला की बायपासवरचा ट्रकवाला थांबून पाहायला लागला. स्टेअरिंगला माणिकबाई, बाजूला ललित, मागं मी. दरवाजा नसलेल्या बाजूला ललित होता आणि त्यानं दोन्ही हातांनी सीट धरली होती, त्यामुळं फोन वाजत राहिले. बायपास सोडून ती एका मुरमाच्या खाणीकडे वळली. तिथं लांब उतार होता. वरून तिनं दुसरा टाकला, उतारावर आल्यावर पाय काढला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. दांडा थरथरत होता. गाडी खडखडत होती, मी डोळे मिटले होते, ललित कुठल्यातरी देवीचं नाव घेत होता. माणिकबाई दांड्याकडे पाहत होती. समोर पाहायला हवं होतं, कारण खाली एक बकरी होती. पण दांडा सुटला नाही. बकरीही वाचली.

मग तिनं तोच उतार दुसऱ्यांदा केला. मग तिसऱ्यांदा. ललित म्हणाला, "मावशी, झालं ना आता?"

"दोनदा तं कोणीबी चांगलं वागते."

शेवटी तिनं छोटा दांडा टाकायला घेतला. तो हलेना. करकर असा आवाज आला की माझ्या दाढा आंबल्या. ललितच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा आनंद दिसला. "मी म्हटलं होतं ना, भंगार आहे."

माणिकबाईनं हात काढून घेतला. क्षणभर ती दमल्यासारखी दिसली. मग गाडी हातभर मागं घेतली, थांबली, आणि दांडा परत ढकलला. कुठंतरी खाली जडसं काही जागेवर बसल्याचा धक्का आला. तिनं क्लच सोडला आणि ती हिरवी म्हातारी मुरमाच्या ढिगावर चालत चढायला लागली. घाई नाही, आवाज नाही, चारी चाकं एकमेकांशी बोलून ठरवल्यासारखी. वर पोचल्यावर माणिकबाई ओरडली नाही. तिनं गाडी बंद केली आणि पदरानं डोळे पुसले. मला म्हणाली, "धूर गेला."

किंमत किती ठरली ते मी सांगणार नाही, कारण देवीदासकाकाला आजही वेगळाच आकडा माहीत आहे.

संध्याकाळी जीप बोरखडीत शिरली तेव्हा अर्धं गाव जमलं. योगेशला मी फोटो पाठवला, त्यानं विचारलं, "ॲक्सिडेंट झाला का?" देवीदासकाकानं जीपला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग पिशवीतून डोकावणारं ताम्हण त्याला दिसलं. त्यानं ते चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, परत चिंचेनं घासलं.

"अवं, देवाच्या भांड्यात गाडीचं तेल?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मंग काय झालं? तुमीच म्हणता न, देव सगळीकडं हाये. गिअर बॉक्समधी बी असन."

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जीपमधून पेटी भजनाला नेता येते हे लक्षात आलं आणि प्रकरण मिटलं.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी तीन दिवस झड लागली. पांदणीत ट्रॅक्टर घालायची कोणाची हिंमत होईना. माणिकबाईनं सकाळी सहालाच पोती भरली, मी वर बसलो. नाल्यात पाणी होतं, पलीकडचा चढ लोण्यासारखा घसरता. तिनं छोटा दांडा टाकला, पहिला गिअर लावला आणि पाय जवळजवळ उचलूनच घेतला. जीप कधी डावीकडे सरकायची, कधी उजवीकडे, पण थांबली नाही. तोंडानं माणिकबाई सतत बोलत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते, म्हणून पुढं वाकलो. ती जीपला शिव्या देत होती, अगदी मायेनं. साडेआठला आम्ही फुलबाजारात होतो. बोरखडीचा झेंडू त्या दिवशी तिचाच एकटीचा पोचला.

त्यानंतर तिचं नाव झालं. जुनी जीप घ्यायची तर माणिकबाईला न्या, असं लोक म्हणायला लागले. ती जायची, खाली शिरायची, उतारावरून गाडी सोडायची आणि एका शब्दात निकाल द्यायची. कोणाला "घे" म्हणायची, कोणाला "शिकरण" म्हणायची. पैसे घेत नव्हती. पण मान मिळाला की माणसाचं जे होतं ते तिचंही झालं. पूर्वी दोन तास विचारणारी बाई आता पाच मिनिटांत सांगायला लागली.

मागच्या हिवाळ्यात रिद्धपूरकडचा देवानंद आला. त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. परतवाड्याला एक पांढरी जीप त्यानं पाहून ठेवली होती. माणिकबाईनं ती नीट तपासली, हे मी शपथेवर सांगतो, कारण त्या दिवशीही मी होतो. थंड बॉनेट, स्वच्छ तेल, दुसरा सुटला नाही, छोटा दांडा अलगद बसला. "घे," ती म्हणाली.

सतराव्या दिवशी मोर्शीच्या रस्त्यावर, संत्र्यानं भरलेली असताना, त्या जीपचा गिअर बॉक्स एकदम जाम झाला. मागचं चाक घासत गाडी शेतात उतरली. देवानंदला काही झालं नाही, पण संत्रा सगळा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर सांडला आणि रस्त्यानं जाणाऱ्या लोकांनी आपुलकीनं गोळा करून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी देवानंद माणिकबाईच्या अंगणात उभा राहून बोलला. जे बोलला ते मी लिहू शकत नाही. देवीदासकाका पेटीमागं बसून राहिला. आजूबाजूच्या बाया दारात आल्या, कारण आता माणिकबाई काय उत्तर देते ते त्यांना ऐकायचं होतं. तिनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. देवानंद दमला तेव्हा आत गेली आणि हिरव्या जीपची चावी आणून त्याच्या हातावर ठेवली.

"ने. तुया संत्रा तुटेपर्यंत ठेव. तुयी आपण बुधाजीकडं नेऊ."

देवानंद चावीकडे पाहत राहिला. त्याला भांडायचं होतं, आणि भांडण असं मध्येच संपलं म्हणून तो जास्तच चिडला. पण चावी त्यानं घेतली.

पांढरी जीप ओढत मूर्तिजापूरला नेली. बुधाजीनं पेटी उघडली, आतलं परातीत मांडलं. एका बेअरिंगची जाळी तुटून तिचे तुकडे चक्रात गेले होते. बाकी सगळे दात चौकोनी, नवे असावेत तसे.

"मी काय पाह्याचं सोडलं?" माणिकबाईनं विचारलं.

"काई नाई."

"तेल हुंगलं होतं. उतार तीनदा केला होता."

"हे बाहेरून देवालेबी दिसलं नसतं," बुधाजी ओरडला. "अन् देवाले तं मी मानत बी नाई."

"मंग मले कसं समजन पुढच्या टायमाले?"

"नाई समजणार. लोखंड हाय थे, बाई. कधी तुटते."

हे तिला मुळीच पटलं नाही. चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. परतताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती. बडनेरा आलं. मग म्हणाली, "मी त्याले 'घे' म्हणलं. 'घ्यासारखी दिसते' असं म्हणाले काय झालं होतं मले?"

पुढचे तीन आठवडे तिनं भाजी भाड्याच्या ऑटोनं नेली. पांदण कोरडी होती म्हणून निभावलं. कोणी जीप पाहायला चल म्हणालं तर "मले टाईम नाई" म्हणायची आणि वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसायची. देवीदासकाकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुलदीप, थे शिव्या देऊन नाई राहिली. डॉक्टरले दाखवाव का?"

संत्रा तुटल्यावर देवानंद हिरवी जीप घेऊन आला. मागं संत्र्याचे दोन क्रेट होते, ते त्यानं ओसरीवर उतरवले. माफी मागितली नाही. वऱ्हाडात ती मागायची पद्धत नाही, जेवायला बसतात. माणिकबाईनं त्याला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, तो जेवला. हात धुताना म्हणाला, "माह्या साळा अकोटले एक जीप पाहून राहिला. निळी. येशील का पाह्याले?"

दारातल्या बाया परत थांबल्या. माणिकबाईनं तांब्या खाली ठेवला.

"येईन. पण त्याले सांग, तेल पाहीन, दात पाहीन, दांडा पाहीन, तरी बी तुटू शकते. शिव्या द्याच्या असन तं आताच फोनवर देऊन घे म्हणा. मंग मले टाईम नसते."

देवानंदनं खिशातून फोन काढला आणि खरंच साळ्याला लावला.